सायीचं ताक फेकू नका: लोण्याखालच्या ताकात प्रोबायोटिक कसं लावायचं

घरी साय जमवून लोणी काढणारी मंडळी नागपुरात अजून भरपूर आहेत. आणि त्यातले बरेच जण लोणी वर आलं की खालचं पांढरं पाणी एक तं सिंकमध्ये ओतून देतात नाही तं कढीत घालून रटारटा उकळतात. ते पाहून जीव हळहळतो, काऊन की दुधातली एक फार कामाची गोष्ट त्याच पाण्यात उतरलेली असते आणि ती लोण्यात शोधायला गेलात तर फारशी सापडत नाही.

ही गोष्ट म्हणजे चरबीच्या थेंबावरचा पडदा. दुधातलं फॅट मोकळं तरंगत नसतं, बारीक थेंबांत असतं, 0.1 ते 15 मायक्रॉनपर्यंतचे थेंब, सरासरी 3 ते 5 मायक्रॉनचे, आणि प्रत्येक थेंबाला 10 ते 20 नॅनोमीटर जाडीचं आवरण असतं. असं काहीतरी आवरण असावं हे आशेरसन नावाच्या जर्मन डॉक्टरने 1840 मध्येच मांडलं होतं. आवरण तीन थरांचं असतं, आतला एक थर थेंब पेशीत तयार होतानाच मिळतो आणि बाहेरचे दोन थर थेंब कासेतल्या पेशीतून बाहेर पडताना त्या पेशीचाच बाहेरचा पडदा अंगावर घेऊन निघतो तेव्हा मिळतात. म्हणजे हा खऱ्या जिवंत पेशीचा पडदा आहे, त्यात फॉस्फोलिपिड म्हणजे पेशींचे पडदे ज्यांचे बनतात ते स्निग्ध पदार्थ आहेत, त्यातलंच एक स्फिंगोमायलिन आहे, आणि बाहेरच्या बाजूला साखरेच्या साखळ्या लागलेली प्रोटीन आहेत, म्यूसिन, ब्युटिरोफिलिन, लॅक्टअडेरिन वगैरे.

आता साय घुसळली की काय होतं, थेंब एकमेकांवर आपटतात, पडदे फाटतात, आतलं फॅट एकमेकाला चिकटून लोण्याचा गोळा होतो आणि फाटलेल्या पडद्याचे तुकडे पाण्याच्या बाजूला म्हणजे ताकात जातात. म्हणून खऱ्या लोण्याच्या ताकात फॉस्फोलिपिड साय काढलेल्या दुधापेक्षा कितीतरी पट जास्त असतात. दह्यात पाणी घालून रवी फिरवली आणि लोणी काढलंच नाही तर तेही ताकच, पण त्याची गोष्ट वेगळी, तिथे साय घुसळून पडदे एका जागी गोळा झालेलेच नसतात.

मग प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटासाठी मुद्दाम घेतल्या जाणाऱ्या जिवंत बॅक्टेरियाचा, याच्याशी काय संबंध? आतड्याच्या आतल्या भिंतीवर जो चिकट थर असतो तो म्यूसिनचा, आणि पडद्यावरची काही प्रोटीन त्याच घराण्यातली. ज्या बॅक्टेरियाकडे आतड्याला धरून ठेवायची सोय असते ते या तुकड्यांनाही धरतात. सगळ्यात जास्त अभ्यास झालेला म्हणजे लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी, गोरबाख आणि गोल्डिन या दोघांच्या आडनावांवरून जीजी, आणि 2020 पासून त्याचं शास्त्रीय नाव लॅक्टिकेसीबॅसिलस रॅम्नोसस झालंय, पण पाकिटांवर अजून जुनंच नाव छापलेलं दिसतं. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात, ते चिकट थरालाही धरतात आणि दुधाच्या या पडद्यालाही. दुसरं म्हणजे पित्त. पित्तातले क्षार साबणासारखे वागतात, बॅक्टेरियाचं आवरण विरघळवतात, पण आजूबाजूला दुधाचे फॉस्फोलिपिड असले की त्यातले बरेच क्षार तिकडे गुंततात आणि बॅक्टेरियावरचा मारा कमी होतो. हे सगळे प्रयोग मुख्यतः प्रयोगशाळेतले, टेस्ट ट्यूबमधले आणि वाढवलेल्या पेशींवरचे आहेत, त्यामुळे हे ताक प्यायलं की अमुक आजार बरा होतो असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हणालं तर तुम्हीही मान डोलावू नका. पण बॅक्टेरिया नुसत्या पाण्यात घोळून पिण्यापेक्षा या ताकातून देणं जास्त शहाणपणाचं आहे, एवढं मला पटलंय, आणि घरी साय जमत असेल तर खर्चही एका पाकिटाचाच.

दूध कोणतं

होमोजिनाइज केलेलं दूध नको. त्यात जोराच्या दाबाने थेंब फोडून एकदम लहान करतात, मग जुना पडदा एवढ्या सगळ्या थेंबांना पुरत नाही आणि मोकळ्या जागेवर केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रोटीन, येऊन बसतं. असं दूध ओळखायला सोपं, पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी जाड साय धरत नाही. टोन्ड दुधात 3 टक्के फॅट आणि डबल टोन्डमध्ये 1.5 टक्के, त्यातून साय किती निघणार. गवळ्याकडचं म्हशीचं दूध सगळ्यात उत्तम. म्हशीच्या दुधातले थेंब गायीच्यापेक्षा मोठे असतात, त्यामुळे तेवढ्याच फॅटमागे पडदा थोडा कमी निघतो हे खरं आहे, पण साय इतकी जाड येते की हिशोब म्हशीच्याच बाजूने जातो. विदर्भाची स्वतःची नागपुरी म्हैस आहे, वर्ध्याकडची गवळाऊ गाय आहे, कोणाच्या ओळखीत असं दूध येत असेल तर सोडू नका. गवळ्याला सरळ सांगायचं, भाऊ, संध्याकाळचं उरलेलं नको, आज सकाळचं द्या. तो देतो.

दूध तापवायचंच. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि टीबी होऊ शकतो आणि कितीही ओळखीचा गवळी असला तरी म्हशीच्या पोटात काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. तापवल्यावर दुधातली काही व्हे प्रोटीन पडद्याला जाऊन चिकटतात, पडदा अगदी मूळचा तसाच राहत नाही, पण पडदा वाचवायला म्हणून कच्चं दूध वापरायचं हे गणित चुकीचं आहे. एक उकळी आली की गॅस बंद, तासभर आटवत बसू नका.

साय

झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जमवा, फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. चार दिवसांच्या वर जमवू नका. फ्रीझरमध्ये पंधरा पंधरा दिवस जमवायची सवय पुष्कळ घरी आहे, लोणी निघतं त्यातून, तुपालाही चालतं, पण या कामाला ताजी साय पाहिजे, जुन्या सायीच्या ताकाला कडवट वास येतो आणि त्यात नको ते जंतूही वाढलेले असतात. जमवताना विरजण घालायचं नाही. आपल्या आज्या सायीला विरजण लावायच्या आणि मग घुसळायच्या, ती पद्धत खाण्यासाठी सुंदरच आहे, पण त्यात घरच्या विरजणाचे बॅक्टेरिया आधीच सगळी जागा घेऊन बसतात आणि आंबटपणाही चढलेला असतो, मग मागून आलेल्या प्रोबायोटिकला वाढायला काही उरत नाही. शिवाय आंबट झालं की केसीनचा साका बसतो आणि पडद्याचे तुकडे त्याच्याबरोबर खाली ओढले जातात. म्हणून आधी गोडी साय घुसळायची, गोडं ताक काढायचं, आणि मग त्या ताकाला बॅक्टेरिया लावायचा. या सगळ्या लेखातली मुख्य गोष्ट हीच समजा.

घुसळणं

अर्धा किलोच्या आसपास साय घ्या. फ्रिजमधून काढून जरा वेळ बाहेर ठेवायची, हिवाळ्यात पंधरा वीस मिनिटं, आणि मे महिन्यात पाच मिनिटंही खूप झाली. एकदम गार असेल तर नुसती फुगते आणि लोणी सुटत नाही, जास्त कोमट झाली तर लोणी तेलकट होऊन अर्धं फॅट ताकातच राहतं. थर्मामीटर असेल तर 12 ते 15 अंशांच्या मध्ये ठेवा.

रवी असो की मिक्सर, दोन्ही चालतं. मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरवा, सलग नको, पात्याने गरम होतं. आधी साय फुगून भांड्याच्या वरपर्यंत येते आणि आवाज जड येतो, मंग एका क्षणी ती खाली बसते, कडेला पिवळसर पांढरा रवा दिसायला लागतो आणि आवाज एकदम पातळ, छपछप असा होतो. तिथेच थांबायचं. याच्या पुढे फिरवत राहिलात तर लोण्याच्या गोळ्यात ताक अडकून बसतं.

पाणी! इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो. लोणी लवकर यावं म्हणून तांब्याभर गार पाणी आणि वर बर्फ ओततात, मग ताक नावालाच उरतं. अर्धा किलो सायीला उकळून गार केलेलं एक वाटी पाणी पुरे, बर्फाचा गारवा पाहिजे असेल तर भांडंच बर्फाच्या परातीत ठेवा. निघालेलं ताक स्टीलच्या बारीक गाळणीतून गाळा, फडक्यातून नको, साधारण दोन मोठे पेले निघेल. मंग लोणी ज्या पाण्याने धुवाल ते पाणी वेगळं, ते यात मिसळू नका, कणकेत वापरा.

पळीची परीक्षा

पुढे ताक परत एकदा तापवायचं आहे, पण त्याआधी एक पळीभर ताक घेऊन पळी सरळ गॅसवर धरा. उकळून तसंच राहिलं तर ताक गोडं आहे, पुढे जा. फाटून कण दिसले तर साय आधीच आंबली होती, ते ताक प्रोबायोटिकला नको, त्याची गोळ्याची कढी करा, छान होते. डेअरीतसुद्धा दूध घेताना अशीच उकळून परीक्षा करायची जुनी पद्धत आहे.

पास झालेलं ताक गंजात घेऊन मंद आचेवर 72 अंशांपर्यंत न्या आणि एक मिनिट तिथे धरा. थर्मामीटर नसेल तर कडेला बारीक बुडबुडे येऊन वाफ निघायला लागली की थोडं पुढे, उकळी फुटू द्यायची नाही. याने हात, मिक्सर, गाळणी यांच्यातून आलेले उपरे जंतू जातात आणि आपण जो बॅक्टेरिया घालू त्याला रान मोकळं मिळतं. मंग गंज झाकून गार पाण्याच्या परातीत ठेवून 37 अंशांवर आणा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर ना गरम ना गार लागला पाहिजे. नागपूरकरांनो, एप्रिल मे मध्ये टाकीचं पाणीच चटका देतं, माठाचं पाणी घ्या.

कोणतं पाकीट

औषधाच्या दुकानात नुसतं प्रोबायोटिक द्या म्हटलं तर काहीही हातात येतं, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचा. सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट आहे, बॅसिलस क्लॉसी बीजाणूंच्या म्हणजे झोपलेल्या बॅक्टेरियाच्या रूपात येतो, तो दुधात घालून वाढवायचा नसतो, डॉक्टरांनी दिला तर तसाच घ्यायचा. इथे जे लिहिलंय ते रॅम्नोसस जीजीसाठी आहे, आणि ज्या पाकिटात फक्त तोच आहे ते मागा, सात आठ जातींची खिचडी नको, कोण वाढलं ते कळत नाही. एक्सपायरी पाहा, आणि लेबलवर थंड ठेवा लिहिलंय तर दुकानदाराने खरंच फ्रिजमध्ये ठेवलं होतं का तेही विचारा, आपल्याकडच्या 45 डिग्रीत काउंटरवर पडलेल्या पाकिटात जिवंत किती उरले असतील याचा विचार करा. संख्येचा अंदाज हवा तर आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमात रोजच्या मात्रेत निदान 10 कोटी जिवंत बॅक्टेरिया धरलेत, आणि पाकिटावर एक बिलियन लिहिलं असेल तर ते 100 कोटी.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे बहुतेकांचं ताक रात्रभर ठेवूनही तसंच्या तसं राहतं: रॅम्नोसस जीजी दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज खाऊच शकत नाही. लोक मग चमचाभर साखर घालतात, तीही त्याला पचत नाही. त्याला ग्लुकोज लागतं. उन्हाळ्यात घराघरात असते ती साधी ग्लुकोज पावडर, संत्र्याच्या स्वादाची नाही, साधी पांढरी, दोन पेले ताकाला एक लहान चमचा.

पद्धत अशी, कोमट ताकातलं दोन तीन चमचे ताक वाटीत काढा, त्यात पाकीट सोडा आणि पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, सुकवलेले बॅक्टेरिया कोमट ओलाव्यात नीट जागे होतात, फ्रिजच्या गार ताकात एकदम टाकले तर त्यातले बरेच मरतात. मंग ते सगळ्या ताकात ओता, ग्लुकोज विरघळवा, आणि पहिल्या अर्ध्या तासात दोन तीनदा हलक्या हाताने ढवळा म्हणजे पडद्याचे तुकडे तळाला न बसता बॅक्टेरियाच्या संगतीत राहतात. उकळत्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बरणीत भरा, झाकण लावा.

कुठे ठेवायचं

37 अंश पाहिजे, आणि आपल्या गावात हे वर्षातले काही महिने फुकट मिळतं. मार्च अखेरपासून जूनपर्यंत कूलर नसलेल्या खोलीतलं कपाट पुरतं, फक्त गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत नको, तिथे पारा फार वर जातो. पावसाळ्यात बरणीला टॉवेल गुंडाळा. डिसेंबर जानेवारीत मात्र रात्री खरीच थंडी असते, तेव्हा कॅसरोलमध्ये कोमट पाणी घेऊन त्यात बरणी उभी करा आणि झोपायच्या आधी पाणी एकदा बदला. दहा बारा तासांनी स्वच्छ चमच्याने चाखून पाहा, हलका आंबटपणा आला आणि ताक जरासं दाट, सुळसुळीत झालं की झालं. दह्यासारखं घट्ट लागायची वाट पाहू नका, ते लागणार नाही.

घरात कोणाला दूध पचत नसेल तर एक लक्षात ठेवा, या ताकात लॅक्टोज जवळपास सगळा शिल्लक असतो, काऊन की जीजीने तो खाल्लाच नाही. अशांसाठी आधी चार पाच तास फक्त जीजी वाढू द्यायचा आणि मंग चांगल्या दह्याचं अर्धा चमचा विरजण घालायचं, दह्याचे बॅक्टेरिया थोडा लॅक्टोज संपवतात. उलट क्रम केला तर विरजणच पुढे पळतं. ज्यांना दुधाची ॲलर्जीच आहे त्यांच्यासाठी हे अजिबात नाही, पडद्यात प्रोटीन आहेतच.

पिणं आणि ठेवणं

फ्रिजमध्ये 4 अंशांवर चार पाच दिवस. ठेवलं की वर निवळी येते आणि खाली साका बसतो, लोक निवळी ओतून देतात किंवा वरचंच पितात, पण पडदा आणि त्याला धरलेले बॅक्टेरिया साक्यातच जास्त असतात, त्यामुळे दरवेळी बरणी हलवून घ्या. जेवताना किंवा जेवण झाल्यावर छोटा पेला. उपाशी पोटी जठरात आम्ल अगदी तीव्र असतं, अन्न गेलं की ते बरंच सौम्य होतं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या प्यायचा हट्ट नको. मीठ, जिरेपूड, कोथिंबीर प्यायच्या वेळी पेल्यात घाला, बरणीत नाही. फोडणी द्यायची असेल तर फोडणी आधी पूर्ण गार होऊ द्या, 60 अंशांच्या वर गेलं की सगळी मेहनत वाया. अँटिबायोटिक चालू असेल तर गोळी आणि ताक यात निदान दोन तासांचं अंतर.

याच ताकातून पुढचं ताक लावता येतं, पण दोन तीनदाच, नंतर नवीन पाकीट घ्या, घरच्या हवेतले दुसरे बॅक्टेरिया हळूहळू शिरतात आणि बरणीत जीजी किती उरला ते चवीवरून कळत नाही. गुलाबी किंवा हिरवट डाग, बुरशी, तार सुटणं, झाकण उघडल्यावर गॅसचा फुस्स आवाज, यातलं काहीही दिसलं तर चाखूनसुद्धा पाहू नका, ओतून द्या.

लहान बाळांना हे देऊ नका. बाळांच्या फॉर्म्युल्यात हा पडदा घालून स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासाचे चांगले निष्कर्ष 2014 मध्ये आले होते, पण तो कारखान्यात तपासून तयार केलेला घटक होता, आपल्या मिक्सरमधलं ताक नव्हे. आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने 2023 मध्ये दवाखान्यांना इशाराच दिलाय. केमो चालू असलेले, अवयव बदललेले, शिरेत कायमची नळी असलेले, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, त्यांच्या रक्तात हे बॅक्टेरिया गेल्याच्या नोंदी आहेत.

राहिलं लोणी. ते नेहमीसारखं कढवा, आणि तुपाखाली जी बेरी राहते ती फेकू नका, लोण्यात अडकून राहिलेल्या पडद्याचे फॉस्फोलिपिड पुष्कळसे तिथेच असतात. बॅक्टेरियाच्या कामाची ती नाही, पण गरम पोळीवर बेरी आणि वरून पिठीसाखर घालून पोरांना द्या.